भिंतीला पाय

दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावाला जाणारी, उन्हाळ्यात महाबळेश्वरला जाऊन घोड्यावरचा फोटो काढून आणणारी मुलं आमच्याही वर्गात होती. आम्हा चुलत-आत्ते भावंडांची मोठी सुट्टी मात्र घरबसल्या व्हायची आणि ती कॅलेंडरात लाल रंगानं छापलेली नसायची. कोजागरीच्या आदल्या दुपारपासून पुनवेची रात्र सरेपर्यंत तामलवाडीतून जाणारा सोलापूर-तुळजापूर रस्ता माणसांनी भरून वाहायचा. त्या दोन दिवसांत शाळा भरायची की नाही, यावर आमचं अजून एकमत नाही. थोरला म्हणतो, भरायची, पण मास्तरच रस्त्यावर पाणी वाटत असायचे. धाकटी आत्तेबहीण म्हणते, हजेरी घेऊन सोडायचे. बाकीच्यांना शाळा आठवतच नाही.

गावाची जागाच मोक्याची. सोलापूरहून तुळजापूर ४५ किलोमीटरच्या आसपास आणि आम्ही साधारण निम्म्या वाटेवर. रूपाभवानीच्या देवळापासून निघालेला माणूस हिप्परग्याचा तलाव मागं टाकतो, उळे ओलांडतो आणि जिल्ह्याची हद्द संपवून आमच्यात शिरतो, तेव्हा पहिला जोम उतरलेला असतो आणि घाट अजून लांब असतो. बसावंसं वाटायची नेमकी ती वेळ. आमच्या वाड्याचा ओटा तेव्हा थेट रस्त्याला लागून होता. माणूस बसला की आबा, म्हणजे आमचे आजोबा, ढाळजेतून विचारायचे, "कुठनं आलाव?" उत्तर यायच्या आत गुळाचा खडा पुढं झालेला असायचा. आधी गूळ, मग पाणी. तापल्या अंगानं गटागटा पाणी प्यायलेलं आबांना चालायचं नाही, मग तो माणूस कोणत्या का गावचा असेना.

पुनवेलाच का चालायचं, ते आजीनं सांगितलं होतं. नऊ दिवस लढून, दसऱ्याला सीमोल्लंघन करून दमलेली तुळजाभवानी नगर जिल्ह्यातून आलेल्या पलंगावर पाच दिवस झोपते. ही श्रमनिद्रा. नवरात्राआधीची घोरनिद्रा आणि पौषातली मोहनिद्रा धरली तर वर्षाला २१ दिवस देवीची झोप. पुनवेला ती उठून पुन्हा सिंहासनावर बसते आणि त्या वेळी आपण पायरीवर असावं म्हणून माणसं चालत सुटतात. आजीच्या लहानपणी तर ही वाट राज्य ओलांडून जायची. सोलापूर इंग्रजांचं, तुळजापूर निजामाचं. हद्दीवर करोडगिरीचा नाका, तिथं जकातवाले गाठोडी सोडायला लावायचे. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं, तरी आजी सोलापुराहून येणाऱ्यांना शेवटपर्यंत 'इंग्रजीतले' म्हणायची. आम्हाला ते साहेब वाटायचे आणि प्रत्यक्षात यायचे नरसिंग गिरजी नाहीतर लक्ष्मी-विष्णू मिलमधले कामगार. दुसरी पाळी संपवून तसेच निघालेले, केसांत कापसाची तूस. त्यांच्यामागं विड्या वळणाऱ्या बायकांचे घोळके, आपसांत तेलुगूत बोलणारे. कलबुर्गी-विजापूरकडचे कानडी लोक आदल्या रात्रीच सोलापूर गाठून यायचे, त्यांच्या पायांची दशा सगळ्यांत वाईट. बहुतेक अनवाणी.

पायांची सोय हाच आमच्या घराचा मान होता. परसात दगडाचं चुलवण मांडलेलं असायचं, त्यावर पितळेचा हंडा, खाली तुराट्यांचा जाळ. ऊन पाण्यात मीठ टाकायचं, घंगाळं भरून पुढं न्यायचं, पाय बुडवायचे. आम्हा पोरांचं काम घंगाळं वाहायचं आणि करडईच्या तेलाची वाटी फिरवायची. परसातून ढाळजेपर्यंत येताना पाणी हिंदकळून निम्मं अंगावर यायचं आणि त्यातच आमची धमाल असायची. मग आबांचा हुकूम सुटायचा: "आडवं व्हा. बूड भितीला लावा. पाय वर टाका. हालायचं न्हाई." ढाळजेच्या बाहेरच्या भिंतीला ओळीनं माणसं पडायची. घोंगडं खाली, डोकं रस्त्याकडं, पाय सरळ आभाळाकडं. पाच-दहा मिनिटांत पोटऱ्यांत भरलेलं रक्त खाली उतरतं, गोळे सैल होतात. बायकांसाठी हीच सोय आत ओसरीवर. आबा रोज पहाटे सूर्यनमस्कार घालणारे. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी नमस्कारांचं जे वेड लावलं, ते शाळेतल्या मास्तरांमार्फत आबांपर्यंत आलेलं. त्यामुळं शरीर कुठं वाकवायचं आणि कुठं सोडून द्यायचं, यावर त्यांचं बोलणं शेवटचं.

त्या भिंतीसमोर बसून तळवे बघत राहणं हा आमचा खेळ. टाच उभी चिरलेली आणि भेगांत काळी माती बसलेली असेल तर शेतकरी. अंगठ्याजवळ चपलेचा घट्टा असेल तर नोकरदार, त्याला आज अनवाणी चालणं जड जाणार. एका वर्षी एकाच्या तळव्याला हळदीकुंकू लागलेलं होतं. तो म्हणाला, वाटेत बायांनी पाय धुऊन पुजले. घरी गेल्यावर बायकोला दाखवायचं म्हणून त्यानं आमच्या घंगाळाला नको म्हटलं. आबांनी त्याला मुकाट्यानं तेलही लावू दिलं नाही. माणसं उठून गेली की भिंतीवर पावलं उमटलेली राहायची, ओलसर मातीची, एकावर एक, बोटं वर. कुणी पुसायचं नाही. पंधरा दिवसांवर दिवाळी, तेव्हा नीळ घातलेल्या चुन्याचा हात फिरायचाच.

गाणं-बजावणं दिवसभर तुकड्यातुकड्यानं जायचं, खरी मैफल रात्री. मुक्कामी मेळा उतरला की हलगीवाले आधी जाळ मागायचे. तुराट्यांचा लहानसा जाळ करून त्यावर हलगी फिरवायची, जवळ नाही, लांबही नाही, मधूनमधून बोटानं टिचकी मारून ऐकायची. चामडं ओल धरून बसलेलं असलं की आवाज 'भद्द' येतो. तापत गेलं की तो वर चढतो, आणि एका क्षणी टिचकी अशी कडक वाजते की ओट्यावर झोपलेलं पोरही उठून बसतं. मग वाजवणारा घाई करतो, कारण चामडं निवलं की पुन्हा जाळ. आराध्यांचं चौंडकं त्याहून निराळं. लाकडाचा पोकळ नळा, एका तोंडाला चामडं, त्यातून निघालेली तात. नळा काखेत आवळायचा, तात एका हातानं ताणायची आणि दुसऱ्या हातानं छेडायची. ताण वाढला की सूर वळत वर जातो, सोडला की घसरत खाली येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, वाद्य काहीतरी विचारतंय. गोंधळ्यांचा संबळ आला तर तो मानाचा, त्याला बसायला घोंगडं आणि वर धुतलेलं धोतर. गळ्यात कवड्यांच्या माळा, हातात परडी, पोताचा तेलकट धूर, आणि दर गाण्याच्या शेवटी सगळ्यांचा मिळून "आई राजा उदो उदो". मराठी गाणं संपलं की कानडी बायका आपलं सुरू करायच्या. शब्द कळायचे नाहीत, पण धरायची जागा कळायची आणि हलगीवाला बरोबर तिथं धरायचा. ओट्यावरचा बल्ब आबा विझवायला लावायचे. आश्विनाच्या चांदण्यात तो बल्ब केविलवाणा दिसायचा हे खरं, पण आबांना वीजबिलही दिसत असणार.

आम्हालाही पायी न्यायचे, अर्थात. सातवी झाली की घाट, अशी घरची रीत. माळुंब्रा, सिंदफळ, मग बालाघाटाची चढण, घाटशीळ, आणि वर गेलं की गर्दीत एकमेकांचा सदरा धरून चालायचं. त्या चालण्याबद्दल प्रत्येकाची एक बढाई आहे आणि ती बाकीच्यांना पाठ आहे, म्हणून इथं सांगत नाही.

१९९३ची कोजागरी मात्र सगळ्यांना सारखीच आठवते. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याच जिल्ह्यातल्या उमरगा-लोहारा भागातली गावं पडली. माणसं मेली ती झोपेत, घरात, दगडमातीच्या जाड भिंतींखाली. पुनव बरोबर महिन्यानं आली. रस्ता वाहिला, कदाचित जास्तच वाहिला, पण त्या वर्षी आमच्या भिंतीला पाय लावायला कुणी तयार होईना. दगडमातीचीच भिंत ती. माणसं घंगाळात पाय घालायची, गूळ घ्यायची आणि पडायला समोरच्या रानात जायची. आबांनी आग्रह केला नाही. एका बाईनं आपल्या पोराला ओट्यावरून खसकन ओढून घेतलं, तेव्हा तिच्या तोंडाकडं बघून आमच्यातलं कुणीही काही बोललं नाही. संध्याकाळी आबा एकटेच भिंतीला पाय लावून पडले. बऱ्याच वेळानं सोलापूरचा एक म्हातारा येऊन त्यांच्या शेजारी पडला. तेवढेच दोघे. आम्ही स्वतः त्या वर्षी अंगणात, वाकळा टाकून, दिवाळीपर्यंत.

आता खरी गोष्ट. आम्ही भावंडं जमलो की ही सगळी वर्षं आम्ही पुन्हा पुन्हा उगाळतो, आणि दर वेळी मोठी आई, म्हणजे आमची थोरली चुलती, बाजूला भाजी निवडत ऐकत असते. तिच्याकडं कोजागरीची एकही बढाई नव्हती. ती कधी गेलीच नव्हती. वीस-बावीस किलोमीटरवर देवी, दारातून रस्ता, लग्न होऊन पन्नासावर वर्षं झालेली, आणि पुनवेला ती कधी घाट चढलेली नव्हती. वर्षातून एरवी यष्टीनं जाऊन ओटी भरून यायची. पुनवेला हंडा कोण बघणार? आमची सुट्टी तिच्या चुलवणावर तापत होती. पिठल्याची कढई तिची, भाकरी तिच्या आणि धाकट्या चुलतीच्या, आणि रात्री आटवायचं दूधही तिचंच. वेलदोडा, जायफळ, आणि खाली लागू नये म्हणून अखंड ढवळणं. आम्ही ज्याला रात्रभराची मैफल म्हणतो ती तिनं परसात, भिंतीपलीकडून ऐकली. ऐकून ऐकून तिला इतकं कळायचं की हलगी तापली नाही हे ती आतून सांगायची: "अजून जाळ दे म्हणावं त्याला." कानडी गाणी तिला आमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत, फक्त ती म्हणणारी माणसं तिनं पाहिलेली नव्हती. देवीला वर्षाला २१ दिवसांची निजानीज आहे, हे सांगणाऱ्या आजीनं आपल्या सुनांसाठी त्यातला एकही काढला नाही. आजीलाही तो कुणी काढून दिला नव्हता, हेही खरंच.

रस्ता मोठा झाला. २११ नंबरचा महामार्ग ५२ नंबरचा झाला, चौपदरी झाला, गावाला टोलनाका आला. रुंदीकरणात आमचा ओटा गेला, ढाळज गेली, भिंतही गेली, आणि मागं सरकून सिमेंटची कुंपणभिंत उभी राहिली. आता पुनवेच्या दोन दिवसांत वाहनं दुसऱ्या वाटेनं वळवतात. मंडळांचे मांडव लागतात. पाण्याच्या बाटल्या, केळी, साबुदाण्याची खिचडी, औषधांच्या पेट्या, सगळं भरपूर. कुणी पाय दाबून देतं तेही मशिननं. मांडवांतले स्पीकर तेवढे असे लागतात की शेजारून चाललेल्या आराध्याचं चौंडकं त्याला स्वतःलाही ऐकू येत नसेल. हे जुन्या माणसाचं कुरकुरणं आहे असं भाचरं म्हणतात. असेल. पण मांडवाला जाळ लागत नाही आणि हलगीला लागतो, एवढा फरक तरी ऐकणाऱ्यानं ओळखावा. २०२०च्या कोजागरीला देऊळ बंद होतं. रस्ता दोन्ही दिवस मोकळा राहिला आणि घरातल्या कुणालाच नीट झोप लागली नाही.

मग आलं २०२३. पुनव शनिवारी, २८ ऑक्टोबरला. जोडून सुट्टी म्हणून पुणे, संभाजीनगर, बेंगळुरू अशी पांगलेली सगळी पिढी मुलाबाळांसह उतरली. व्हॉट्सअॅपवर भाचरांनी आधीच कार्यक्रम टाकला होता. सकाळी रानात योगा, धाकटी आत्तेबहीण शिकवणार, कारण पुण्यात तिचे वर्ग चालतात. मग गाड्या काढून नळदुर्ग, किल्ला आणि नर-मादी धबधबा. रात्री तंबू, गिटार, आणि आटीव दूध. आम्ही मोठ्यांनी कौतुक केलं आणि गंमत बघत बसलो. पाऊस तुटला होता, धबधब्याला पाणी कुठलं? आणि गाड्या काढायला रस्ता तर पाहिजे. शनिवारी सकाळी फाटक उघडून बघतात तो माणसांचा लोंढा. भाच्यानं किल्ली खिशात घातली.

योगा मात्र झाला. रानात नव्हे, कुंपणाशी. आत्तेबहीण पोरांकडून पवनमुक्तासन करून घेत होती, ते बघून दोन बाया आत आल्या आणि पोटऱ्या दाखवू लागल्या. तिनं त्यांना सरळ भिंतीशी नेलं. बूड भिंतीला, पाय वर, हात मोकळे, श्वास सावकाश. तिच्या वर्गात या आसनाचे पैसे पडतात, असं थोरला मोठ्यानं म्हणाला. तासाभरात सिमेंटच्या भिंतीला पायांची ओळ लागली. धाकटी वहिनी गप्प होती, तिनं गेल्याच वर्षी भिंतीला महागाचा रंग दिला होता.

पण खरी घडामोड आत चालली होती. त्या रात्री चंद्रग्रहण होतं. एकच्या सुमारास लागणार आणि अडीचच्या आत सुटणार, चंद्राचा जरासा कोपरा काळा, एवढंच. तरी वेध दुपारपासून. दूध आटवायचं की नाही यावर पोरांनी गुगल काढलं, वहिनींनी कालनिर्णय काढलं. मोठ्या आईनं हंड्याखालचा जाळ ओढला.

"यंदा दूध न्हाई. वेधात चूल बी न्हाई. सैपाक झालाय, झाकून ठिवलाय, तुळशीची पानं टाकलीत." एवढं बोलून ती आत गेली आणि बाहेर आली ती इरकल नेसून, चपला घालून. "मी निघते."

कुठं, हे विचारायला कुणाला सुचायच्या आधी ती फाटकाबाहेर होती. "वेधात देवळात जातात व्हय?" असं धाकट्या चुलतीनं विचारलं, त्यावर, "मी देवळात कुठं चाललेय, मी रस्त्यानं चाललेय," म्हणाली. आत्तेबहीण आणि गिटारवाला भाचा तिच्यामागं धावले. मागं चुलवण, पाण्याच्या टाक्या आणि रात्रभर येणारी माणसं आमच्या अंगावर पडली. गुळाचे खडे फोडताना थोरल्याचा अंगठा ठेचला. पुढचं सगळं फोनवर कळत गेलं. माळुंब्र्याच्या अलीकडं ती एका आराध्यांच्या मेळ्यात शिरली आणि कानडी गाणं त्यांच्याआधी म्हणू लागली. मेळ्यातल्या म्हातारीनं विचारलं, माहेर कुठलं? माहेर वैरागकडचं, कानडीचा काही संबंध नाही. सिंदफळला कुणाच्या तरी भिंतीला पाय लावून पडलेला तिचा फोटो आला, त्याला भाचरांनी हृदयं टाकली. मग ग्रहण लागलं तेव्हा ती घाटात कठड्यावर बसून होती आणि भाच्याला सांगत होती की गिटार ऊन करून बघ, बरी वाजेल.

दर्शनाच्या रांगेत ती उभी राहिली नाही. पहाटे बाहेरूनच शिखराला हात जोडले आणि यष्टी मिळेल तिथून फिरली. रविवारी दुपारी घरी आल्यावर तिनं आधी हंडा बघितला. तळाला मीठ तसंच बसलेलं होतं.

"ढवळत न्हवतावच का?" मग घंगाळात पाय सोडून बसली आणि म्हणाली, "म्होरल्या साली चुलवण हिकडं मांडा, फाटकापाशी. परसातनं रस्ता दिसत न्हाई."

थोरल्यानं लगेच उठून फाटकाजवळची जागा पावलं टाकत मोजली. जागा पुरते. फक्त तिथं त्याची गाडी लागते, असं तो म्हणाला. मोठ्या आईनं गाडीकडं एकदा बघितलं आणि तेलाची वाटी मागितली.